लावताय, खरं राखणार कोण? पडीक रानात जंगल परत आणताना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात, भोगावती नदीच्या वरच्या अंगाला आमची ३ एकर डोंगरउताराची जमीन आहे. आजोबांच्या वेळेला तिथं नाचणा आणि वरी व्हायची. पुढं गवे आणि रानडुकरं पीक हाताला लागू देईनात, घरातली पोरं शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत लागली आणि रान पड पडलं. तिथं जंगल करायचं ठरवून पहिल्याच पावसाळ्यात आम्ही ४०० खड्डे काढले, ४०० रोपं लावली, फोटो काढले. लावणी चालू असताना वाटेनं निघालेले धनगरवाड्यावरचे एक म्हातारे मामा थांबले आणि म्हणाले, "लावताय, खरं राखणार कोण?" आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. मार्चमध्ये खालच्या अंगानं वणवा आला आणि एका दुपारीत सगळा उतार काळा झाला.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर त्याच काळ्या रानात जागोजागी तांबूस पालवी वर आली. ती आमच्या रोपांची नव्हती. तरवा (रोपं तयार करायचा वाफा) भाजायला आजोबा ज्यांच्या फांद्या तोडायचे, त्या ऐन-किंजळाच्या जुन्या खुंटांची होती. मोजले तर १७० जिवंत खुंट निघाले. इतकी वर्षं ते गवतात दडून होते. दर उन्हाळ्यात जळायचे, दर पावसाळ्यात फुटायचे. आम्ही त्यांच्याच शेजारी पैसे घालून खड्डे काढले होते.

नव्यानं या कामात पडणाऱ्याला मला जे सांगायचं आहे ते यातच आलं. आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत जंगलाला परत यायचंच असतं. आग, चराई आणि घाणेरी (टणटणी, बाहेरून आलेलं पसरणारं झुडूप) या तिघांनी ते अडवलेलं असतं. आधी राखण, मग लागण, असा क्रम ठेवलात तर निम्म्या रोपांत दुप्पट जंगल उभं राहील.

आपलं रान कुठल्या पावसात आहे ते बघा

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात तो ५,००० च्या वर जातो. जिल्हा एकच असला तरी झाडोरा एक नाही. सदाहरित आणि निमसदाहरित जंगल हे शाहूवाडी, पन्हाळ्याचा पश्चिम भाग, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या पट्ट्याचं. हातकणंगले, शिरोळ, कागलच्या माळावर या लेखातली झाडं लावू नका. तिथला माळ वेगळा आणि त्याची झाडंही वेगळी.

मूळ जंगल कसं होतं हे बघायला लांब जावं लागत नाही. दाजीपूरला १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. पुढं १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य केलं, आज त्याचं क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून ते जागतिक वारसा स्थळांत आहे. तिथं अंजनी, जांभूळ आणि पिसा यांची दाटी दिसते. पण त्याहून जवळचा नमुना म्हणजे तुमच्या गावची देवराई. पावसाळा संपला की चप्पल बाहेर काढून एकदा आत जा आणि खालपासून वर बघा: पायाशी काय उगवलंय, डोक्याइतकं काय आहे, सगळ्यात उंच कोण आहे. गावातला जाणता माणूस बरोबर असू द्या, त्याला नावं विचारा आणि वहीत लिहा. तुमच्या रोपांची यादी तिथंच तयार होते. देवराईतली माती, पाला, रोपं मात्र उचलू नका. ते देवाचं आहे आणि जंगलाचंही.

सड्यावर झाड लावू नका

हे अगदी कळकळीनं सांगतो. जांभ्याच्या उघड्या सड्यावर, म्हणजे मसाई पठारासारख्या खडकाळ सपाटीवर, चार इंच मातीत पावसाळ्यात जी फुलं आणि गवतं येतात त्यांतल्या कित्येक जाती फक्त सह्याद्रीत सापडतात. लोकांना सडा ओसाड वाटतो, मग हौसेनं पोकलेन लावून खड्डे काढतात, बाहेरून माती आणून टाकतात आणि झाड तर जगत नाहीच, सडाही जातो. तो पहिल्यापासून उघडाच आहे. झाडं लावायची ती एकेकाळी जंगल तोडून जिथं शेत केलं तिथं.

असं शेतही तीन तऱ्हेचं असतं. पहिली तऱ्हा डोंगरउताराची वरकस जमीन, जिथं नाचणा-वरी व्हायची. हिच्यात खुंट जिवंत असण्याची आशा सगळ्यात जास्त. दुसरी भाताची खाचरं. वर्षानुवर्षं चिखलणी करून तिथली माती खाली दगडासारखी घट्ट झालेली असते आणि पावसाळ्यात पाणी तुंबतं. तिथं झाडं तालीवर आणि बांधाच्या अंगानं लावावीत, पाणी धरणाऱ्या भागात जांभूळ, करंज, उंबर आणि ओढ्याकडेला अर्जुन, वाळुंज. तिसरी म्हणजे ऊस काढून मोकळं केलेलं रान. तिथं आधी एक पावसाळा ताग पेरून फुलावर आला की गाडा, पुढच्या वर्षी झाडांचं बघा.

पहिलं वर्ष बघण्याचं

नवख्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. जमीन हातात आल्या आल्या काहीतरी लावल्याशिवाय चैन पडत नाही. तरी एक पावसाळा आणि एक उन्हाळा थांबा.

जूनच्या शेवटी, गवत गुडघ्याला लागायच्या आत, सगळं रान पायाखाली घाला. हातात बांबूच्या काठ्या आणि जुन्या साडीच्या चिंध्या घ्या. खुंटाला फूट दिसली, पाखरानं टाकलेल्या बीतून जांभळाचं, आवळ्याचं, भोम्याचं रोप उगवलेलं दिसलं, की शेजारी काठी रोवून तिला चिंधी बांधा. ही चिंधी फार मोलाची आहे. दिवाळीच्या सुमाराला गवत कापणी होते तेव्हा विळ्याला गवत आणि रोप यातला फरक कळत नाही. चिंधी दिसली की कापणाऱ्या बाईचा हात थांबतो. आमच्याकडं दुसऱ्या वर्षी २६० काठ्या रोवल्या होत्या, म्हणजे एकही रोप न लावता २६० झाडं.

त्याच फेरीत पाणी कुठून वाहतं, कुठं मुरतं, गव्यांची वाट कुठून जाते, वणवा कुठल्या बाजूनं येईल हे कागदावर काढून ठेवा. गव्याची वाट अडवायची नाही. तो कुंपणासकट रोप तुडवेल. त्यापेक्षा दोन मीटरची पट्टी मोकळी सोडलेली परवडली.

खुंटावरचे धुमारे

जुन्या खुंटातून एकाच वेळी आठ-दहा धुमारे फुटतात. सगळे ठेवले तर झुडूपच होतं, झाड होत नाही. हिवाळ्यात सगळ्यात सरळ, जमिनीलगत फुटलेले दोन धुमारे निवडा आणि बाकीचे धारदार कोयत्यानं बुंध्यालगत तिरके उतरवा. वर, खुंटाच्या टोकाला फुटलेला धुमारा कितीही जोमदार दिसला तरी ठेवू नका, खुंट कुजला की तो वाऱ्यानं मोडतो. पुढच्या वर्षी दोनातला एक ठेवा. खाली पन्नास वर्षांची मुळं असल्यामुळं हा धुमारा पहिल्या दोन वर्षांतच डोक्यावर जातो. नर्सरीतल्या रोपाला एवढं वाढायला बराच जास्त वेळ लागतो. ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, कुंभा, आवळा, आसाणा ही सगळी खुंटावर चांगली फुटतात.

आग

आपल्याकडं वणवा आपोआप लागत नाही. जानेवारीपासून मेपर्यंत कुणीतरी तो लावतो: नवं गवत चांगलं फुटावं म्हणून, तरवा भाजताना ठिणगी उडून, मधासाठी, नाहीतर विडीच्या थोटकानं. एक वणवा पाच वर्षांचं काम घेऊन जातो, म्हणून पैसा आणि मनुष्यबळ सगळ्यात आधी इथं घाला.

जाळरेषा म्हणजे रानाभोवती मोकळी केलेली पट्टी. ती किमान ५ मीटर रुंद हवी. खालच्या उताराकडं जास्त, कारण आग चढावर धावते. गवत अर्धवट हिरवं असताना, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, ते कापून पट्टीतून बाहेर काढा, मग पाला लोटून जमीन उघडी करा. फेब्रुवारीत पानगळ झाली की पट्टी पुन्हा झाडावी लागते. हे बहुतेक लोक विसरतात, आणि गळालेल्या पाल्यावरूनच आग आत येते. मोठं रान असेल तर आतूनही एक-दोन पट्ट्या काढा, म्हणजे आग आलीच तर सगळं जाणार नाही.

पट्टीइतकंच शेजाऱ्याशी बोलणं लागतं. शेजारच्या रानातलं गवत जाळायचं असेल तर "सांगून जाळा, आम्ही चौघं येतो, मिळून जाळू" असं म्हणा. वारा पडलेला असताना, संध्याकाळी, दोन्हीकडची माणसं हजर ठेवून पट्टी जाळली की पुढचे तीन महिने झोप लागते. वनरक्षकाचा नंबर गावात सगळ्यांकडं असतोच, तुमच्याकडंही असू द्या.

चराई

गुरं बंद करायची म्हटलं की गावाशी वाकडं येतं. धनगरवाड्यावरच्या म्हशी पिढ्यान्पिढ्या त्या उतारावर चरत आलेल्या असतात. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे म्हणून त्यांची वाट बंद होत नाही. आम्ही "चारू नका, कापून न्या" असं ठरवलं. गवत फुकट, पाहिजे तेवढं न्यायचं, फक्त चिंधी बघून कापायचं. त्यांना वैरण मिळाली, आमच्या रानातलं जळाऊ गवत कमी झालं. ज्या मामांनी तो प्रश्न विचारला होता त्यांचाच मुलगा आता उन्हाळ्यात आमच्या रानाची राखण करतो आणि त्याचा पगार आम्ही रोपांच्या खर्चाच्या आधी बाजूला काढतो.

कुंपण करायचंच तर सगळीकडं तार ओढू नका. गुरांच्या वाटेच्या तोंडाशी करवंदीच्या काटेरी फांद्या टाका आणि त्यांच्या आत पावसाळ्यात शिकेकाई, सागरगोटा, करवंद लावा. पांगाऱ्याचे मनगटाएवढे जाड खोड रोवले तरी फुटतात. घरगुती विजेचा करंट तारेत सोडणं हा गुन्हा आहे. त्यानं गवे मरतात आणि माणसंही मेली आहेत.

घाणेरी आणि रानमोडी

नुसती वरून तोडलेली घाणेरी दुप्पट जोरानं येते. पावसात माती मऊ असताना, फळं धरायच्या आत, कुदळीनं मुळाच्या गड्ड्याखाली तीन-चार इंचांवर घाव घाला, गड्डा उपटा आणि मुळं वर करून झुडूप उलटं टाका. मातीला टेकलं तर पुन्हा रुजतं. रानमोडी, म्हणजे असंच पसरणारं दुसरं झुडूप, हातानंही उपटते, पण तुरे यायच्या आत, कारण तिचं बी वाऱ्यानं उडतं.

सगळं एकदम साफ करायचा मोह टाळा. उघड्या जमिनीवर पुन्हा तीच उगवते, शिवाय घाणेरीच्या जाळीत कधीकधी गुरांपासून वाचलेली चांगली रोपं असतात. दोन-तीन गुंठ्यांचे तुकडे पाडा, एक तुकडा साफ केला की लगेच तिथं लागण करा आणि पुढची दोन वर्षं त्याच तुकड्यात पुन्हा पुन्हा जा.

रानात पूर्वी कुणी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली असेल तर तीही एका झटक्यात तोडू नका. तिच्या सावलीत आपली झाडं धरू द्या आणि तीन-चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं काढा. काजूचंही तसंच.

बी आणि रोपं

सामाजिक वनीकरणाच्या आणि वन विभागाच्या रोपवाटिकांत जांभूळ, आवळा, करंज, शिवण, बेहडा सहज मिळतात. अंजनी, पिसा, पारजांभूळ, फणशी क्वचितच मिळतात. तिथं स्वतःची छोटी रोपवाटिका करण्याला पर्याय नाही, आणि ती अवघडही नाही. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतली दुर्मिळ झाडं जपली आहेत. झाड ओळखायचं शिकण्यासाठी तिथं एक चक्कर जरूर मारा.

बी कुठून घ्यायचं याचा नियम साधा आहे: आपल्याच उंचीवरच्या, आपल्याच पावसातल्या झाडांखालून, एका जातीचं आठ-दहा वेगवेगळ्या झाडांचं, आणि कुठल्याही झाडाखालचं सगळं नाही. अभयारण्यात एक बीही उचलायचं नाही. बांधावर, गावाकडेच्या रानात, घराच्या परड्यात पुरेसं मिळतं, फक्त मालकाला विचारून घ्या.

जांभूळ, रातांबा, फणस, रानआंबा ही सगळी बी वाळली की मरते. मे-जूनमध्ये जांभळं पिकली की खाली पडलेली ताजी फळं गोळा करा, गर पाण्यात चोळून काढा, बी फडक्यावर सावलीत तासभर निथळू द्या आणि त्याच दिवशी पिशवीत टोचा. बोटाच्या एका पेराएवढं खोल, त्याहून जास्त नाही. एका जांभळाच्या बीतून बऱ्याचदा दोन-तीन कोंब येतात. घाई करून उपटू नका, चार पानं आली की त्यातला चांगला ठेवा. उन्हात वाळवून डब्यात भरलेली जांभळाची बी पुढच्या वर्षी टाकायला काढली तर एकही उगवत नाही. एका शेजाऱ्यांचं पूर्ण पोतं असं वाया गेलेलं मी पाहिलं आहे.

हिरडा आणि बेहडा याच्या उलट. फळं हिवाळ्याच्या शेवटी मिळतात, गर काढून आठळी वाळवून ठेवता येते, मात्र पेरायच्या आधी शेणकाल्यात भिजवाव्या लागतात, आणि हिरडा तरीही महिनोन्महिने वाट बघायला लावतो. किंजळाचं पंखाचं बी ओंजळभर घेतलं तरी त्यातलं बहुतेक पोकळ निघतं, म्हणून ते भरपूर पेरावं आणि किंजळाची भिस्त खुंटांवरच ठेवावी. सावर आणि पांगारा उन्हाळ्यात बी देतात, ते लगेच उगवतं.

पिशवीत दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं वाळू. त्यात आपल्याच बांधावरच्या जुन्या झाडाखालची मूठभर माती मिसळा. झाडांच्या मुळांना साथ देणारी बुरशी तिच्यातून येते. मांडवाला नारळाच्या झावळ्या पुरतात. रोपं एक ते दीड वर्षाची, दोन फुटांची झाली की लावायला योग्य. लावायच्या आधीच्या एप्रिल-मेमध्ये मांडवाची सावली आणि पाणी हळूहळू कमी करा, म्हणजे रोपाचं खोड काटक होतं.

विकत घेताना उंची बघून भुलू नका. पिशवीचा तळ बघा. मूळ बाहेर येऊन गोल फिरलं असेल, तर ते रोप जमिनीतही तसंच गोल फिरत राहतं आणि चार वर्षांनी वाऱ्यात आडवं होतं.

ओळीनं नाही, बेटानं लावा

सगळ्या एकरात ३ बाय ३ मीटरवर रोपं लावली तर साधारण ४५० लागतात. एवढ्या रोपांचं गवत काढणं, त्यांना पाणी घालणं घरच्या माणसांना होत नाही. आम्ही आता बेटं करतो. १ गुंठ्यात २ मीटरच्या अंतरानं २५ रोपं, मग १०-१५ मीटर मोकळी जागा, मग दुसरं बेट. एकराला ८ बेटं म्हणजे २०० रोपं. मधल्या जागेत पाखरं बी आणून टाकतात. कोस्टारिकात जुन्या कुरणांवर जंगल परत आणताना ही पद्धत काळजीपूर्वक अजमावून पाहिली आहे, आणि आपल्याकडच्या पाखरांनाही ती पटते. बेट शक्यतो एखाद्या उभ्या झाडाभोवती करा. जुना कुंभा किंवा जांभूळ असेल तर त्याच्यावर बुलबुल, तांबट, हळद्या बसतातच. उभं झाड नसेल तर बांबूला आडवी काठी बांधून रोवा.

दीड-दोन फुटांवर रोपं कोंबून लावायची घनवनाची पद्धत शहरातल्या छोट्या जागेला ठीक असेल. डोंगरउतारावर तिचा खर्च आणि खोदाई दोन्ही नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या फेरीला उन्हात टिकणारी, लवकर वाढणारी झाडं घ्या: चांदाडा, पांगारा, सावर, उंबर, भोमा, आवळा, शिवण, कुंभा, आसाणा, जांभूळ. उंबर, नांद्रुक अशी फळझाडं प्रत्येक बेटात एखादं तरी हवं, पाखरांना तेच ओढून आणतं. अंजनी, पारजांभूळ, रातांबा, पिसा, फणशी ही सावलीत वाढलेली मंडळी. त्यांना पहिल्याच वर्षी उघड्यावर लावलं की पानं करपतात आणि मग लोक म्हणतात सदाहरित झाडं इथं येतच नाहीत. त्यांची पाळी चौथ्या-पाचव्या वर्षी.

लावणीचा दिवस

खड्डे एप्रिल-मेमध्ये, दीड फूट लांब, रुंद, खोल. मुरमात एक माणूस दिवसाला वीसेक खड्डे काढतो, त्या हिशेबानं मजूर सांगा. वरची काळी माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. भरताना काळी माती आधी. तीव्र उतारावर पाणी अडवायला सलग समतल चर खणू नका. कमी पावसाच्या मुलखात ते गुणाचे आहेत, पण ४-५ हजार मिलिमीटर पाऊस कोसळणाऱ्या डोंगरात साठलेलं पाणी मुरून उतार सैल होतो. २०२१ च्या जुलैत सह्याद्रीत दरडींनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, वीतभर खोल माती ओली झाली, की आर्द्रात लावणी उरका. पुनर्वसू-पुष्यात धार लागते तेव्हा भरलेल्या खड्ड्यातली माती वाहून जाते. आणि ऑगस्टनंतर लावलं तर पाऊस जायच्या आत मुळं खोल जात नाहीत. पुढं सात महिने कोरडे काढायचे असतात.

रोप खड्ड्याशी नेऊन मगच पिशवी ब्लेडनं उभी चिरा. मातीचा गड्डा फुटू देऊ नका. खोडाला जिथं माती लागलेली होती तीच खूण जमिनीच्या पातळीला यायला हवी, खोड पुरलं तर कुजतं. भोवती माती टाकून टाचेनं दाबा, आत पोकळी राहायला नको. आळं करू नका. आपल्या पावसात आळ्याचं डबकं होतं. उलट माती किंचित उंच ठेवा, म्हणजे पाणी बाजूनं निघून जाईल. काठी, चिंधी, आणि सगळ्या पिशव्या मोजून परत घरी. पायात गमबूट घाला, हातात काठी ठेवा. जांभ्याच्या रानात फुरसं (लहान विषारी साप) असतं आणि ते दिसत नाही.

लावणीनंतरची पाच वर्षं

रोपाभोवतीचं गवत हातभर घेरात काढायचं: ऑगस्टमध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा. पहिली तीन वर्षं हे चुकवायचं नाही, कारण रोप उन्हानं मरतं त्यापेक्षा गवताखाली दबून जास्त मरतं. काढलेलं गवत बुंध्यापासून चार बोटं सोडून आच्छादन म्हणून पसरा. बुंध्याला चिकटवलं तर उधई (वाळवी) चढते. फेब्रुवारी ते मे या काळात शक्य असेल तर दर पंधरवड्याला रोपाला १० लिटर पाणी द्या. शक्य नसेल तर नुसत्या आच्छादनावरही बरीच तगतात, पण मग जाळरेषेत कसूर नको.

दर डिसेंबरला काठ्या मोजा. कुठली जात किती जगली, कुठल्या भागात मेली, कशानं मेली, तीन रकाने वहीत पुरतात. आमच्या वहीनंच आम्हाला सांगितलं की वरच्या मुरमाड अंगाला शिवण तगत नाही आणि कुंभा तगतो. पुस्तकात ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

कागदाचं काम पहिल्याच वर्षी करा. रान वनहद्दीला लागून असेल तर हद्दीचे दगडी बुरूज कुठं आहेत ते वनरक्षकाबरोबर फिरून बघा, शंका असेल तर मोजणी मागवा. ई-पीक पाहणीत झाडांची नोंद करा. हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ अशा काही झाडांना आपल्याच रानात तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं परवानगी लागते. घरातल्या सगळ्या हिस्सेदारांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर दहा वर्षांनी वाटणीच्या वेळी झाडंच वादात सापडतात.

चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात चांदाडा आणि पांगारा डोक्यावर जातात, खाली सावली पडते आणि गवत विरळ होतं. आता अंजनी, पारजांभूळ, पिसा, रातांबा, फणशी त्या सावलीत घाला. एका गुंठ्याला पाच-सहा पुरे.

लावायच्या आधी मात्र बेटाच्या आत गुडघ्यावर बसून पाला हातानं बाजूला करा. गेल्या जुलैत आम्ही तसं केलं तेव्हा जुन्या कुंभ्याखाली बोटाएवढं अंजनीचं रोप दिसलं. गडद हिरवी, चिवट, समोरासमोरची दोन जोड्या पानं. आम्ही अंजनी तोवर एकही लावली नव्हती. आसपास शोधलं तर आणखी चार निघाली. अशी रोपं मिळाली तर तेवढी नवी लावू नका, पाला परत त्यांच्या बुडाशी ओढा आणि शेजारी काठी रोवून चिंधी बांधा.